दगडावरचं शेरडू

पिंपळीच्या सुकन्याला नवऱ्याची भीती वाटायला लागली ती सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर. त्याआधीच्या संसारात दादासोनं तिच्यावर आवाजसुद्धा चढवला नव्हता. उलट दोघांत भित्रा तोच. घरात पाल दिसली की हा दणकट गडी खाटेवर चढून बसायचा आणि सुकन्या खराटा घेऊन पाल बाहेर घालवायची. मोरगावच्या माळावर शेरडं राखत ती वाढली होती. लांडग्याच्या भीतीनं कधी घरी पळून आली नाही, असं तिची आई कौतुकानं सांगायची.

दादासो इंदापूर रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. खिडक्यांचे गज, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेतातली फाटकं असली कामं. घराण्याचा मूळ धंदा मेंढरांचा, पण त्याचे वडील आबाजी यांनी मेंढरं मोडून कालव्याखालचं थोडं रान घेतलं आणि हौसेपुरती शेरडं ठेवली. सासू आधीच गेली होती. घरात म्हातारा, नवराबायको आणि तीन वर्षांची स्वराली. दादासोला एकच नाद होता. लग्नानंतरच्या वर्षी त्यानं पुण्याहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्याच्या एका कॅसेटवर शिंगांचं एक शेरडू कड्यावरून या दगडावरून त्या दगडावर उड्या मारत वर चढायचं, आणि पाय पडला की दगड ढासळायचा. कॅसेटवरचा कागद कधीच निघून गेला होता, म्हणून घरात त्याला नुसतं ‘शेरडू’ म्हणत. कामावरून आला की हातपाय धुऊन दादासो शेरडू खेळायचा आणि आबाजी मागं बसून, “आरं दमानं, पडंल त्ये,” असं ओरडायचे.

भादव्यात दादासोला ताप भरला. डोकं फुटतंय म्हणत तो दुकानातून घरी आला आणि दुपारपर्यंत बरळायला लागला. बारामतीच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि पुण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. मेंदूला सूज आली होती. कितीतरी दिवस तो बेशुद्ध होता. शेवटी डोळे उघडले तेव्हा डॉक्टर सुकन्याला म्हणाले, “जीव वाचलाय, बाई. बाकीचं किती परत येईल आणि कधी, ते आज कुणालाच सांगता यायचं नाही.”

दिवाळी झाल्यावर त्याला घरी आणलं. चालायचा, भरवलं तर खायचा, पण तोंडातून शब्द नाही. आणि नजर! अनोळखी घराच्या दारात उभं राहून माणूस आत बघतो, तसा तो सुकन्याकडं बघायचा. ती भाकरी थापत असली की मागं येऊन उभा राहायचा. पाठीवर ती नजर जाणवली की तिचे हात तव्यावर थांबायचे. वळून बघायचा धीर व्हायचा नाही, आणि न वळता बसवायचंही नाही.

आवाजाला तो फार भ्यायचा. पहिल्याच आठवड्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्यानं समोरची घागर उचलून भिंतीवर मारली. घागरीचा काठ स्वरालीच्या डोक्यावरून गेला. त्या दिवसापासून सुकन्यानं कुकर बंद केला. विळा, कोयता, कुऱ्हाड, सगळं गोठ्यातल्या कडब्यात नेऊन दडवलं. भाजी चिरायची तर गोठ्यात जाऊन चिरायची. स्वरालीला कडेवरून खाली ठेवणं बंद झालं. पोरगी दमून खाली उतरायला बघायची आणि ही तिला आणखी आवळून धरायची. माणूस तोच होता, कपाळावरचा ठिणगीचा डागसुद्धा तोच, पण आत कोण आहे ते कळत नव्हतं, आणि या गोष्टीचं भय तिला त्याच्या मारापेक्षा जास्त वाटायचं.

आबाजी एकदा म्हणाले, “पोरी, लेकराला घिऊन म्हायेरी जा. माझ्या हाताखालचा हाय त्यो, माझं मी बघीन.”

“आन् तुमाला कायतरी केलं म्हंजी, मामंजी?” ती म्हणाली. म्हाताऱ्यानं सदऱ्याची बाही खाली ओढली. त्यांच्या दंडावरचा काळा-निळा वळ तिनं सकाळीच पाहिला होता.

संक्रांतीच्या सुमाराला एकदा सुकन्या धुणं वाळत घालत होती. घरातून ओळखीचं टिणटिण संगीत ऐकू आलं. स्वरालीनं टीव्हीचं आणि गेमचं बटण दाबलं होतं. सुकन्या धावत आत आली आणि उंबऱ्यातच थिजली. पोरगी टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती आणि दादासो तिच्या अगदी मागं उभा होता. त्याचे दोन्ही हात तिच्या डोक्याच्या दिशेनं खाली येत होते. सुकन्याला ओरडायचं होतं, पण ओरडली तर तो दचकणार आणि दचकला तर काय करील याचा नेम नाही. घशातला आवाज तिनं घशातच दाबला.

दादासोनं पोरीच्या हातातलं गेमचं रिमोट हळूच काढून घेतलं आणि तिच्याशेजारी बसला. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर शेरडू दगडाच्या कडेला उभं होतं. त्याचा अंगठा हलला. शेरडानं उडी मारली. आणखी एक. तोंडानं पाणी मागता न येणाऱ्या माणसाच्या बोटांना प्रत्येक दगड पाठ होता. खेळ संपला तेव्हा त्यानं स्वरालीकडं बघितलं, आणि त्या दिवशी सुकन्यानं पुढं केलेला घास त्यानं तिच्या तोंडाकडं बघत खाल्ला.

तेव्हापासून घराला जरा श्वास आला. रोज लाइट असेल तेवढा वेळ तो खेळायचा आणि खेळून उठला की निवलेला असायचा. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, “खेळू द्या. हात चालतोय, लक्ष लागतंय, चांगलंच आहे.” पण सुकन्याचा जीव नवीन ठिकाणी अडकला. आता ती गेमच्या त्या काळ्या डब्याला भ्यायला लागली. तो जरा गरम लागला तरी ती त्याला पदरानं वारा घालत बसायची.

आणि व्हायचं तेच झालं. चैत्रात लाइट दुपारभर गेली आणि आली ती असल्या दाबानं आली की बल्ब पांढराफटक पेटून फुटला. गेममधून धूर निघाला. जळक्या वासानं खोली भरली आणि पडद्यावरचं शेरडू उडीच्या मधेच नाहीसं झालं. दादासो आधी नुसता बघत राहिला. मग त्यानं सुकन्याचं मनगट धरलं आणि तिला टीव्हीकडं ओढलं, जणू तिनंच ते कुठं लपवलंय. बांगड्या फुटून काचा मनगटात शिरल्या. ती कळवळली तरी पकड सुटेना. आबाजींनी आणि शेजारच्या गेणबानं मिळून त्याला बाजूला केलं. गेणबाच्या बायकोनं रक्त पुसून सुकन्याच्या मनगटावर फडकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बारामतीच्या बाजारातून नवीन गेम आणला. रंग तोच, बटणं तीच, जुनी कॅसेट बरोबर बसली. हातात घेतला तर फार हलका लागला, पण तिनं मनावर घेतलं नाही. लावला. पडद्यावर तोच कडा, तेच शेरडू. दादासो पुढं सरकला. संगीत सुरू झालं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. त्याच सुरावटीला काहीतरी चिरका, नाकातला आवाज येत होता. दोन उड्या मारल्यावर त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले, डोकं गुडघ्यांत घातलं आणि असा हंबरला की गोठ्यातली शेरडं उठून उभी राहिली. सुकन्या पोरीला घेऊन अंगणात पळाली. तिला वाटलं, संपलं. आता जे थोडं परत आलं होतं तेही गेलं.

बारामतीला भिगवण चौकाजवळ राजलक्ष्मी नावाची एक बाई कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. उसाच्या बागायतदाराची मुलगी, शिकून आली आणि दुकानाच्या माडीवर चार कॉम्प्युटर मांडून बसली. तिच्याकडं जुने व्हिडिओ गेम कॉम्प्युटरवर चालतात असं गेणबाच्या भाच्यानं सांगितलं, तेव्हा सुकन्या मनगटावरचं फडकं पदराखाली झाकून तिच्याकडं गेली. राजलक्ष्मीनं सगळं ऐकून घेतलं. एका सीडीवरची लांबलचक नावं उलगडत गेली, एकेक गेम उघडून दाखवत गेली, आणि सुकन्या एकदम म्हणाली, “ह्योच! मॅडम, ह्योच हाय!”

“मशिन नसताना मशिनचं सोंग घेणारा प्रोग्राम आहे हा,” राजलक्ष्मी म्हणाली. “खेळाला वाटतं आपण त्या डब्यातच आहोत. घेऊन या त्यांना. रविवारी मुलं नसतात.”

रविवारी वडापच्या प्रवासी जीपमध्ये सुकन्या दादासोला खिडकीकडं बसवून त्याचा दंड धरून बसली. हॉर्न वाजला की त्याचं अंग ताठ व्हायचं आणि तिचंही. शेजारच्या बाईनं विचारलं, “पावनं आजारी हायती का?” तर हिनं नुसती मान हलवली. जीप थांबेपर्यंत पाठीवर तिचा झंपर घामानं भिजून गेला होता.

माडीवर पंख्याचा आवाज, नवीन भिंती, मोठा रंगीत पडदा. राजलक्ष्मीनं गेम सुरू केला. घरी पांढरं दिसणारं शेरडू इथं तांबडं होतं. दादासोनं मान वाकडी करून पाहिलं, पण बसला. राजलक्ष्मीनं कोणत्या बटणानं उडी आणि कोणत्यानं पुढं ते त्याच्या बोटांना धरून दाखवलं. त्यानं उडी मारली. शेरडू दगडाच्या पलीकडं पडलं. परत मारली. परत पडलं. पहिलाच दगड, जो त्याला डोळे झाकून यायचा, तोच येईना. संगीतही पाठीमागं कुत्रं लागल्यासारखं पळत होतं. सुकन्याला त्याच्या मानेची शीर फुगताना दिसली. “मॅडम, बंद करा,” ती म्हणाली, “बंद करा लवकर.” राजलक्ष्मी हात पुढं करते तोवर तो उठला. खुर्ची उलटी पडली. त्यानं कुणाला काही केलं नाही. नुसता जिना उतरून निघून गेला.

सुकन्या मागं धावली. चौकात माणसं, हातगाड्या, ट्रक, आणि त्यात तो कुठंच नाही. ज्याला आपलं नाव सांगता येत नाही असा माणूस बाजारात हरवला होता. तिनं चपलेच्या दुकानदाराला विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं. एस.टी. स्टँडच्या बाजूला राजलक्ष्मी गेली आणि ही उलट्या बाजूला. एका भाजीवालीनं हात केला, “कालव्याकडं गेला बघ एक, नीट चालत न्हवता.”

शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुरू होतं. कालवा काठोकाठ भरून चालला होता. दादासो कडेच्या फरशीवर अगदी टोकाला उभा होता, पाण्याकडं तोंड करून. उन्हाळ्यात पाण्याला ओढ असते. तिथं पडलेलं जनावरसुद्धा पुलापलीकडंच सापडायचं. सुकन्या थांबली. हाक मारावी तर दचकून पुढं पाय जाईल. धावत जाऊन धरावं तर चपलांचा आवाज होईल. तिनं चपला काढल्या. फरशी तापून विस्तव झाली होती. एकेक पाऊल टाकताना तिला काही सुचेना, आणि काही सुचेना म्हणूनच असेल, ती तोंडातल्या तोंडात शेरडाचं ते संगीत गुणगुणायला लागली. घरात महिनोन् महिने ऐकलेलं, तसंच, त्याच संथ चालीनं. आवाज फुटत होता, पण ती थांबली नाही.

दादासोची मान वळली. त्यानं तिच्याकडं बघितलं, तिच्या ओठांकडं बघितलं. मग एक पाय मागं घेतला. तिनं त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि त्याला मागं ओढून खाली बसवलं. दोघंही मातीत बसले. तिला रडायलासुद्धा दम नव्हता.

“लई पळतंय,” दादासो म्हणाला.

तिला वाटलं भास झाला. “काय?”

“त्ये. लई पळतंय.” जीभ जड होती, शब्द चिखलातून पाय उपसावा तसे येत होते. “आपलं… दमानं जातंय.”

भादव्यानंतर त्याचे हे पहिले शब्द. सुकन्याच्या अंगावर काटा आला. सदऱ्यावरच्या मुठी तिनं अजून सोडल्या नव्हत्या. इतके दिवस या डोळ्यांमागं कोण बसलंय म्हणून ती भीत होती, आणि तिथं तर दादासोच बसला होता. त्याला नव्या गेमचा चिरका आवाज आणि माडीवरचं पळणारं शेरडू कळत होतं. कळत होतं आणि सांगता येत नव्हतं, म्हणून हंबरत होता. हे मनात आल्यावर तिला त्याची वेगळीच भीती वाटली. इतक्या दिवसांत त्याला काय काय कळलं असेल? आपण कडेवर पोरगी आवळून त्याच्यापासून लांब सरकलो, तेही?

राजलक्ष्मीनं ऐकलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. “बरोबर आहे त्यांचं! आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं दाखवतो. हा प्रोग्राम परदेशातल्या मशिनचं सोंग घेतोय, तिथं साठ, म्हणून सगळं पळतंय. माझ्या लक्षात यायला हवं होतं.” मग जरा थांबून म्हणाली, “याचा वेग कमी करायची सोय असेल तर मी शोधते. पण तोवर घरचं मशिन नीट करून घ्या.”

इंदापूरला सिद्धू म्हणून टीव्ही दुरुस्त करणारा होता. सुकन्यानं जळका गेम आणि नवीन गेम दोन्ही त्याच्यापुढं ठेवले. त्यानं दोन्ही उघडले. जुन्यात मुंगळ्यासारख्या काळ्या चिपा ओळीनं बसल्या होत्या, दोन चांगल्या लांबलचक. नवीन जवळजवळ रिकामाच. मधे डांबराचा थेंब पडल्यासारखा एक काळा गोळा.

“समदं त्या गोळ्यात कोंबलंय, वैनी,” सिद्धू म्हणाला. “म्हंजी ही जुन्याचीच नक्कल, पर घाईत केलेली. आवाज तितंच बिघडला आसंल.”

“जुना व्हईल का?”

“ह्येच्या चिपा जळल्या. माझ्याकडं असलाच एक बंद पडलेला हाय, त्येच्यातल्या काढून नव्या पट्टीवर जोडून बघतो. आजून असलं कधी केलं न्हाय मी. चाललं तर चाललं.”

तो परत मिळेपर्यंतचे दिवस वाईट गेले. दादासो अधूनमधून एखादा शब्द बोलायचा, आणि शब्द सापडला नाही की स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटायचा. सुकन्या भिंतीला गोधडी लावून बसायची. सिद्धूचा निरोप आला तेव्हा आबाजी स्वतः इंदापूरला गेले आणि तारांचं जंजाळ भरलेला एक पत्र्याचा डबा मांडीवर धरून घेऊन आले. टीव्हीला जोडताना सिद्धूनं आबाजींबरोबर सांगून पाठवलेलं सुकन्याला आठवत होतं, “ह्या चिपा आता मिळत न्हाईत. ह्यो जळला तर माझ्या हातात काय न्हाय.” बटण दाबायला तिचा हात धजेना. शेवटी दादासोनंच दाबलं.

संगीत सुरू झालं. जुनंच, तसंच दमानं. त्यानं मान तिरकी करून ऐकलं. तिघंही त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो पहिल्या दगडावर गेला, दुसऱ्या, तिसऱ्या. मग मागं न बघता म्हणाला, “आबा, बसा की.” म्हातारा धोतराचा सोगा डोळ्यांना लावून तिथंच मटकन बसला.

राजलक्ष्मीला वेग कमी करायची सोय सापडली. दर रविवारी सुकन्या त्याला माडीवर नेऊ लागली. राजलक्ष्मी वेग जरा कमी करायची आणि विचारायची, “आता?” आणि त्याला सांगावं लागायचं. “आजून.” “न्हाय, लई मंद.” “आता… आता जवळ आलंय.” घरच्या डब्यानं त्याला निववलं, पण बोलायला लावलं ते माडीवरच्या या नकलेनं. तिच्यात चूक होती आणि ती त्याला दाखवायची होती. रविवार सरत गेले तशी वाक्यं लांबत गेली. तो कधी पुरता पहिल्यासारखा झाला नाही. वेल्डिंगचं काम सुटलं ते सुटलंच. ठिणगी बघून त्याला चक्कर यायची. आबाजींबरोबर तो शेरडांमागं जाऊ लागला.

राजलक्ष्मीनं सुकन्याला क्लासमध्ये काम दिलं, दार उघडायचं, मुलांची हजेरी घ्यायची, आणि जमेल तसं स्वतः शिकायचं. पहिल्या दिवशी आबाजी शेरडं घेऊन रानात गेले होते, स्वराली तापली होती म्हणून तिला बरोबर नेता येईना. दादासो म्हणाला, “जा. मी बघतो.”

ती गेली. दिवसभर तिचं लक्ष कशातच नव्हतं. कुठं खुर्ची सरकली तरी ती दचकायची. संध्याकाळी जीपमधून उतरून ती घराकडं जवळजवळ पळत आली, आणि अंगणात येऊन थांबली. आतून काही आवाज येत नव्हता. टीव्ही बंद. घागर, भिंत, मनगट, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

मग आतून दादासोचा आवाज आला, अडखळत, शब्द शोधत. तो पोरीला पेज भरवत होता. “आजून एक. ह्यो… ह्यो मोराचा.”

“मोर न्हाय, चिमणीचा,” स्वराली म्हणाली.

सुकन्या भिंतीला टेकून तिथंच उभी राहिली. आत जायला हवं हे तिला कळत होतं. पण आत काही आपटत तर नाही ना याचा कानोसा घेत, पेज संपेपर्यंत तिनं आवाज दिला नाही.